बदली खेळाडू

१९७४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कॉन्फरन्स स्पर्धेच्या बास्केटबॉल अंतिम सामन्यात रॉइसचा गुडघा पिरगळला आणि चार वर्षं बाकावर बसलेला वेन्डेल त्याच्या जागी उतरला. निर्णायक बास्केट त्यानेच केली. रिवाजाप्रमाणे विजेत्यांनी बास्केटची जाळी आठवण म्हणून कापून घ्यायला शिडी लावली.

"चढ की लेका! आज तुझा मान पहिला," कुबड्या सावरत रॉइस म्हणाला.

वेन्डेल नजर चुकवत पुटपुटला, "तू पडलास, तेव्हा काळजात धस्स झालं रे माझ्या."

रॉइसने त्याच्या हातात कात्री दिली. आवाजात राग नव्हता.

"मी पडल्या पडल्या बाकाकडेच पाहिलं होतं. सगळे माझ्याकडे धावत होते. तू तेवढा जाकीट काढून खेळायला तयार उभा होतास."