घाटावरचं भाषण

डिंपल सौसरच्या कॉलेजात बी.एस्सी.सोबत भाषणकलेचा विषय शिकत होती. पहिल्यांदा स्टेजवर तिची वाचाच बसली, तेव्हा तिच्या बाबांनी, विनोदरावांनी, तिला घरच्या संत्र्याच्या बगिच्यात नेऊन उभं केलं होतं. "या झाडांपुढं बोल. हे मधातच उठून जात नाहीत."

पुढे तिने छिंदवाड्याच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला. मग बाबा आपल्या गावात, रामाकोन्यात, भेटेल त्याला हसत सांगत सुटले, "माह्या शोकसभेत भाषण माही पोरगीच देईल."

बाबा अचानक गेले. त्यांच्या गावात चिता पेटली की घाटावरच शोकसभा होते आणि चार माणसं गेलेल्याबद्दल बोलतात. तिरडी उचलायच्या वेळी डिंपलही निघाली.

"तू कुठं चालली, बेटा?" तिच्या काकाजींनी, बाबांच्या भावानं, विचारलं.

"घाटावर. बाबांबद्दल मले बोलायचं आहे."

"बाया घाटावर येत नसतात. तुले काय बोलायचं ते मले सांगून दे, मी बोलतो."

तिने सांगायला तोंड उघडलं, तोवर तिरडी फाटकाबाहेर गेली होती आणि काकाजी तिरडीमागे धावले होते.

संध्याकाळी माणसं परतली. दारात कडुनिंबाचा पाला चावत काकाजी डिंपलला म्हणाले,



"लय चांगली झाली शोकसभा. जो उठला तो एकच गोष्ट सांगून राहिला होता, विनोदनं आपल्या पोरीले चारचौघांत बोलणं शिकवलं."