फुल पँट

"एवढ्या उकाड्यात फुल पँट? मसाजला चाललायस की कुणाच्या लग्नाला?"

ताई कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. पलंगावर कपड्यांचा ढीग. मोबाईलवर मसाज सेंटरचा मेसेज उघडाच होता. सैल शॉर्ट्स आणि पातळ टी-शर्ट घालून यावे. फुल पँटवर मसाज होणार नाही.

त्याने ढिगातून नेमकी घोट्याशी घट्ट इलॅस्टिक असलेली ट्रॅक पँट ओढली. ती सहजासहजी वर सरकत नाही.

"अरे, दुखतेय पोटरी ना? मग ती दिसायला नको का मसाजवाल्याला?"

"घालू दे गं त्याला काय घालायचं ते," भाऊजी म्हणाले. खिडकीशी बसून ते कामावरच्या बुटांत नाडी ओवत होते. मान वर केली नाही.

ताई उसळली. "तुम्ही मध्ये बोलूच नका. त्या माणसाचा गुडघा मोडलात तुम्ही, आणि त्याच्यापुढे जाताना तोंड लपवायची पाळी आली माझ्या भावावर!"

भाऊजी गप्प बसले. तोही गप्प बसला. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं ज्याला वाटतं त्याने या घरात एकदा पंगतीला बसून दाखवावं.

गुडघा भाऊजींनी मोडलाच नव्हता. फुटबॉलच्या त्या सामन्यात कॉर्नरला एकाच संघातले हे दोघं एकदम चेंडूवर गेले होते, भाऊजी चेंडूसाठी आणि हा, ताईचा भाऊ, समोरच्या माणसासाठी. याचा पाय समोरच्या खेळाडूच्या गुडघ्यावर बसला; तो खेळाडू पडता पडता लाथ झाडून गेला आणि त्याच्या बुटाचा खिळा याच्या नडगीत रुतला. याने मोजा वर ओढून रक्त झाकलं. रेफ्री कार्ड काढत धावत आला तेव्हा निवड समिती समोरच बसलेली होती. भाऊजींनी त्या समितीकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. "माझा पाय लागला, साहेब."

याची निवड झाली. भाऊजींवर कायमची बंदी आली. मैदानाजवळून जाताना पोरं अजून "ए कसाई!" म्हणून ओरडतात. भाऊजी सायकल जोरात मारत नाहीत, आहे त्याच चालीने जातात. उद्या सांगू, उद्या सांगू, असं याने आधी मनाशी म्हटलं. पुढे तेही म्हणायचं सोडलं.

आणि गुडघा मोडलेला तो खेळाडू आता मसाज करतो. गावातला एकही संघ त्याने हात लावून 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय खेळाडूला मैदानात उतरवत नाही. सामना रविवारी होता. याची पोटरी लाकडासारखी आखडली होती, आणि पोटरीच्या पुढच्या बाजूला, नडगीवर, तो व्रण होता. तो कशाचा हे दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं. ज्याच्या बुटाचा तो होता, त्या मसाजवाल्याला कळलं असतं.

सेंटरमध्ये तेलाचा आणि ओल्या टॉवेलचा वास भरला होता. त्याच्या आधी एक उंच पोरगेला इसम जीन्स घालून आला होता. मसाजवाल्याने त्याला दारातूनच परत फिरवलं.

"मेसेज वाचता येतो ना? मग? जीन्सला मसाज करू का? घरी जा, शॉर्ट्स घालून ये."

मग तो लंगडत याच्याकडे आला. पँट पाहिली. चेहरा पाहिला.

"झोप पालथा."

"दादा, मी… शॉर्ट्स धुवायला टाकल्या होत्या, म्हणून…"

"पँटवरून निम्मंच काम होतं. रविवारी पाय दगा देईल. चालेल?"

सामना गेला तरी चालेल, पण पँट काढणं नको. एवढा हलकट हिशोब त्याच्या डोक्यात पापणी लवायच्या आत झाला. "चालेल," तो म्हणाला आणि टेबलावर पालथा पडला.

मसाजवाल्याने कापडावरूनच पोटरीत अंगठे रोवले. तो बोलला नाही, रागावला नाही, की पँटच्या काठाला बोटही लावलं नाही. इलॅस्टिकपाशी आले की त्याचे हात तिथूनच माघारी वळत. वाचलो, असं याला वाटलं. आणि वाटल्याबरोबर स्वतःची किळस आली. ज्याचा खेळ आपण संपवला तोच खाली वाकून आपला पाय मोकळा करतोय, आणि आपण इथे पडून सुटकेचा श्वास सोडतोय.

त्याला राहवलं नाही. टेबलात तोंड खुपसून तो म्हणाला, "त्या जीन्सवाल्याला घरी पाठवलंत. मला का नाही पाठवलं?"

"सकाळी तुझ्या भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, तो फुल पँट घालून येईल, काढायला लावू नका."

"आणखी काय म्हणाले?"

मसाजवाल्याचे हात थांबले.

"मी काय समजायचं ते समजलो. म्हटलं, मग मीच पँट वर करून बघतो की. तर म्हणाले, नको. दाखवायचं तर त्याचं त्याने दाखवू दे. म्हणाले, मी पण एवढी वर्षं त्याचीच वाट बघतोय."