अहो, मागं बघा!

भागवत लातूरच्या डाळमिलवर कामाला आणि उज्वला रेणापूरला सासूजवळ, म्हणून नवराबायकोची रोजची भेट मोबाईलच्या गेममध्येच व्हायची. हेडफोन कसा लावायचा, माइक कसा चालू करायचा, सगळं त्यानंच तिला शिकवलं होतं. पण दुश्मन दिसला की ती ओरडायची, "अहो, मागं बघा!" अन् टीममधले तिन्ही गडी एकदम मागं वळायचे.

"आगं, नाव घेऊन हाक मार की," भागवत वैतागला.

"आत्याबाई शेजारीच शेंगा फोडून राहिल्यात. सासूसमोर तुमचं नाव कसं घेऊ?"

आज तर फायनल होती. भागवतच्या पाठीमागं दोन बंदूकवाले येऊन उभे राहिले. उज्वलाचा जीव खालीवर झाला. नाव घ्यायचंच तर रीतीनं घ्यावं, म्हणून तिनं सुरुवात केली, "तुरीच्या शेंगेत दाणे चार..."

तिच्या खांद्यावरून मोबाईलकडं टक लावून बसलेल्या गुणाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि सुनेच्या कानातला हेडफोनच ओढून घेतला.

"भागवत्या, मागं बघ!" त्या माइकात कडाडल्या. मग सुनेकडं वळल्या. "माझं लेकरू तिकडं मरून राहिलंय, अन् तुला उखाणे सुचून राहिलेत व्हय!"