रुजू झालो आहे

प्राचार्यांच्या खुर्चीत अनुजा बसली, पण अर्धीच टेकून. हातात भाषणाचा कागद होता. त्यातल्या 'होते', 'शिकले', 'आले' या प्रत्येक शब्दाखाली तिने लाल रेघ मारली होती. सभागृहात विद्यापीठाची माणसं येऊन बसली होती. तिथं तोंडातून हुपरीकडच्या बायका म्हणतात तसं एखादं 'आलो' निसटलं, तर हुपरीची पोरगी हुपरीचीच राहिली, असं म्हणायला लोक मोकळे.

"वाच एकदा," समोर बसलेले हंबीरराव सर म्हणाले. ते मराठी शिकवायचे. निवृत्त झालेले, पण आज खास तिच्यासाठी आले होते. याच कॉलेजात पहिल्या दिवशी तिने दारातून विचारलं होतं, "सर, मी आत आलो तर चालंल काय?" "आलो नव्हे, आले! मुलगी आहेस ना?" म्हणत सरांनी तिला तिथंच दहा वेळा 'आले' म्हणायला लावलं होतं.

"या कॉलेजची मी विद्यार्थिनी होते," अनुजाने वाचलं. "इथेच मी शिकले, इथेच मोठी झाले..."

"वा! अगदी पुस्तकासारखं."

सर खूश झाले. अनुजाला मात्र आपल्या तोंडात दुसऱ्याच कुणाचा तरी घास असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात हेडक्लार्क बाळासो आले. पेढा अजून गालातच होता. "मॅडम, आधी सही, मग भाषण. रुजू अहवालाबिगर तुमी अजून प्राचार्य न्हाय!"

कागद जुना, छापील होता. मोकळ्या जागेत तेवढं तिचं नाव पेनाने भरलेलं. ती वाचू लागली. '...आज रोजी प्राचार्य पदावर रुजू झालो आहे.'

ती थांबली. पुन्हा वाचलं. मग तिला हसू आवरेना.

"काय चुकलं काय?" बाळासोंनी मान पुढं काढली. "आगं आई गं! झालो! आवो, आजवरचं सातच्या सात प्राचार्य बाप्येच हुते की. बाई येणार हाय, ते छापणाऱ्याला काय म्हाईत?"

सरांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. "आण इकडे. एक काना खोडला की काम झालं."

अनुजाने कागदावर पंजा ठेवला. "नको सर. राहू दे."

"अगं, चूक आहे ती!"

"व्हय. पण इतकी वर्षं मी कॉलेजसारखं बोलाय शिकलो. आज पहिल्यांदा कॉलेज माझ्यासारखं बोलाय लागलंय."

बाळासो फिसकन हसले. सरांचं पेन हवेतच राहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कर सही," ते म्हणाले.

तिने झोकात सही ठोकली. तोच दार ढकलून एक विद्यार्थिनी धापा टाकत आत आली. "मॅडम, चला की! सगळी थांबल्यात. मी तुम्हाला न्यायला आलोय!"

सरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

अनुजा उठली आणि त्या मुलीच्याही पुढं भराभरा निघाली.

"अगं, भाषणाचा कागद राहिला!" सर मागून ओरडले.

"असू दे सर!" व्हरांड्यातून आवाज आला. "बोलून आलोच मी!"