मोठी कंपनी

ई-रीडर घेताना धाकट्या भावाने, तपनने, गरियाहाटची एक छोटी कंपनी सुचवली, तेव्हा सुप्रकाशबाबू हसले होते. "ती उद्या गाशा गुंडाळेल. मग मी मेल्यावर तुझी बौदी वाचणार कशावर? घ्यायचं तर मोठ्या कंपनीचं."

पुस्तक आधी ते वाचत आणि बायकोसाठी, मंजुलिकासाठी, कडेला शेरे टाकून ठेवत. 'इथे तू रडशील.' 'हा बोका तुझ्या भावासारखा ऐतखाऊ.' ते गेले तेव्हा तिची बरीच पुस्तकं वाचायची राहिली होती. रोज चहाबरोबर ती एकच शेरा वाचायची, पुरवून पुरवून.

एका सकाळी यंत्राने पासवर्ड मागितला. तिने कंपनीला फोन लावला.

"खातं ज्यांच्या नावावर आहे, त्यांना फोन द्या."

तपन कुजबुजला, "बौदी, दे इकडे. दादा म्हणून मीच बोलतो."

"इतक्या मोठ्या कंपनीशी खोटं बोलायचं?" तिने त्याला गप्प केलं आणि खरं काय ते सांगितलं.

पलीकडच्या मुलीने मनापासून हळहळ व्यक्त केली आणि नियमाप्रमाणे मृताचं खातं बंद केलं. पडद्यावरून पुस्तकं गेली, शेऱ्यांसकट.

सुप्रकाशबाबूंचा अंदाज चुकला नव्हता. त्यांच्यामागे कंपनी तेवढी राहिली.