नितळ कातडी

पेनिसिलिनला सिफिलिस दाद देईनासा झाल्यापासून हळदीआधी वधूवरांनी सीरम टोचून घ्यायची रीतच पडली होती. सशांच्या प्रतिपिंडांपासून ते सीरम डॉ. इरावती मोहोळकरांनीच बनवलं होतं. ते दिलेल्या सशांना जंतू टोचले, तरी कातडीवर व्रण उठत नसे. त्याच भरवशावर त्यांनी लेकीला ते टोचून लागण झालेला जावई पत्करला होता.

आज सहकारी दामले धावतच आले. “मॅडम, सीरम दिलेल्या एका नितळ सशाची लसिकागाठ वाटून मी निरोगी सशाला टोचली होती. त्याला व्रण उठलाय!”

इरावतींनी जाऊन तो व्रण पाहिला. म्हणजे सीरमने जंतू मेले नव्हते, आत दडून बसले होते.

तेवढ्यात दवाखान्यातून लेकीचा फोन आला. ती आनंदाने हसत होती.

“आई, नात झाली तुला! अंगावर नावालासुद्धा डाग नाही गं!”