जादा वरद

मुझम्मिलभाईंनी आमच्या आंब्यांच्या वेबसाइटमधली चूक काढून टाकली. म्हणजे चूक कधी नव्हतीच, असं आता ऑफिसात सगळे म्हणतात.

दोन हजार तीनच्या हंगामात तिथल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत माझी, म्हणजे वरदची, नोंद दोनदा दिसायला लागली.

“काय रे वरद्या, एकटा पुरत नव्हतास?” भाई म्हणाले.

डेटाबेसमध्ये असा हात अख्ख्या रत्नागिरीत नाही. भाई बॅकअपसुद्धा घेत नाहीत, चुकतात कुठे? त्यांनी एक ओळ लिहिली आणि जादा वरद पुसला.

त्यांच्या मागे उभा राहून मी टाळ्या वाजवल्या. आवाज माझ्या खुर्चीतून आला. तिथे वरद बसला होता.

“आता कसा, एकच!” भाई त्याला म्हणाले. काम झकासच, वाद नाही.

सबब, अर्जदारास बॅकअपमधून पूर्ववत करून मिळावे, ही नम्र विनंती.